मुके कोण ?

आमच्या वर्धा जिल्ह्यात पारध्यांचे बेडे जागोजाग आहेत. बेड्यावरचे लेकरू पहिलीत येऊन बसते, आणि चार दिवसांत सगळे म्हणू लागतात, "हे पोट्टं मुकंच आहे." आम्हीही एकदा असेच म्हणून गेलो. पुढे तेच पोर नदीवर आपल्या बहिणीशी घडाघडा बोलताना दिसले, आणि आम्ही ओशाळलो. त्याची बोली गुजरातीच्या वळणाची. आमची मराठी त्याला परकी. मग मुके कोण? ते, की आम्ही?

माउलींनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आणला तो कशासाठी? ज्यांना संस्कृत कळत नव्हते, त्यांना त्यांनी अडाणी म्हणून दूर बसविले नाही. नामदेवराय पंजाबात गेले, ते तिथल्या लोकांना उमजेल असेच बोलले. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याकडे चालत जावे, ही आपली रीत.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. १९३७ साली वर्ध्यासच महात्माजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव झाला. १९५६ साली घटनेत ३५० अ कलम आले. २००९ चा कायदा आणि २०२० चे धोरण तेच सांगतात; पण 'शक्यतो' हा शब्द घालून. त्या 'शक्यतो'तच बेडा अडतो.

कोणी म्हणेल, पुढे मराठीच लागणार, मग बोलीचे लाड कशाला? मराठी यायलाच हवी, खरे आहे. पण नाव पैलतीरी जाणार असली तरी बसावे लागते ऐलतीरावरूनच! दुसरा म्हणेल, एका वर्गात चार बोली, गुरुजींनी किती शिकाव्या? हेही खोटे नाही. त्यांना हे कोणी शिकविलेच नाही. म्हणून गुरुजी घडतात तेव्हाच त्यांना महिनाभर बेड्यावर धाडावे. शंभर शब्द आले तरी पुष्कळ. बेड्यावरची एखादी शिकलेली लेक वर्गात मदतीला घ्यावी.

१८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला. आमच्या मनातून गेला काय?

वारीत आपण जात न विचारता एकमेकांच्या पाया पडतो. घरी आलो की बेड्याकडची वाट टाळतो. मग पंढरीला जाऊन काय आणले? वारकरीहो, येत्या एकादशीला एक करा. बेड्यावर जा, आणि त्या लेकराचे नाव त्याच्या बोलीत विचारा. चुकाल, ते हसेल. हसू द्या. त्या दिवशी गुरू तेच आहे.