मर्द, माणूस आणि मुर्वत

रिचर्ड राइट या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखकाची एक कथा आहे. १९४० साली ती प्रथम एका मासिकात आली आणि लेखकाच्या मृत्यूनंतर, १९६१ च्या ‘एट मेन’ या संग्रहात, ‘द मॅन हू वॉज ऑलमोस्ट अ मॅन’ या नावाने समाविष्ट झाली. हे नाव मराठीत कसे सांगायचे? ‘जवळजवळ पुरुष झालेला’ म्हणायचे की ‘जवळजवळ माणूस झालेला’? उर्दूतही तीच अडचण. मर्द म्हणावे की इन्सान? इंग्रजीतला ‘मॅन’ दोन्ही अर्थ एकाच पोटात घेऊन बसला आहे. कथेतल्या मुलाचे सगळे दुःख या एका शब्दाच्या दोन अर्थांत अडकलेले आहे, असे मला वाटते.

डेव्ह साँडर्स १७ वर्षांचा. अमेरिकेच्या दक्षिण भागात हॉकिन्स नावाच्या गोऱ्या जमीनदाराच्या शेतात तो नांगर धरतो. काम मोठ्यांचे, पण मजुरी त्याच्या हातात पडत नाही. ती आईकडे जाते. आईचाही त्यात दोष नाही, हिवाळ्यात शाळेसाठी त्याला कपडे हवेत म्हणून ती पैसे राखते. शेतावरचे गडी त्याला पोरगा समजतात. म्हणून डेव्हला पिस्तूल हवे आहे. दुकानदार एक जुने पिस्तूल दोन डॉलरला द्यायला तयार होतो. डेव्ह आईच्या मागे लागतो. ते वडिलांसाठी घ्यायचे आणि आणल्याबरोबर माझ्या हाती द्यायचे, या अटीवर ती पैसे काढून देते. अट तो मोडतो. दुसऱ्या दिवशी पिस्तूल फ्लॅनेलच्या चिंधीने मांडीला बांधून शेतावर जातो, डोळे मिटून चाप ओढतो आणि गोळी लागते जेनी नावाच्या खेचराला. घाबरून तो जखमेच्या भोकात माती कोंबत राहतो. रक्त थांबत नाही. जेनी मरते.

पुढे खोटे बोलणे, गर्दीसमोर उलटतपासणी, आईने खरे बोलायला लावणे हे ओघाने आलेच. हॉकिन्स किंमत सांगतो ५० डॉलर, दर महिन्याला दोन डॉलर कापून घेणार. म्हणजे २५ महिने. पिस्तूल दोन डॉलरचे आणि हप्ताही दोन डॉलरचाच. वडील मान डोलावतात. त्या रात्री डेव्ह पुरून ठेवलेले पिस्तूल उकरून काढतो, उरलेल्या गोळ्या उडवतो. आणखी एक गोळी असती तर हॉकिन्सच्या घरावर झाडली असती, त्याला जरा घाबरवले असते, असे त्याच्या मनात येते. मग धावत्या मालगाडीवर चढून, खिशात रिकामे पिस्तूल घेऊन तो निघून जातो.

प्रश्न असा की डेव्हने पळून जाणे योग्य होते का? सरळ उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे जनावर मारले, कर्ज झाले, ते फेडले पाहिजे. आपल्याकडे तर मय्यतीच्या वेळीसुद्धा मयताच्या कर्जाची चौकशी होते. मी ही गोष्ट दहावीच्या मुलांना सांगितली तेव्हा बहुतेकांनी हेच उत्तर दिले. संध्याकाळी गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा मात्र म्हणाला, “सर, पैसा तो उसके हाथ में कभी आया ही नहीं, फिर लौटाएगा कैसे?” वर्गात कुणाला याचे उत्तर देता आले नाही. खरेच, डेव्हची मजुरी आधी मालकाकडून आईकडे जात होती, आता त्यातले दोन डॉलर मालकाकडेच राहणार. त्याच्या हाताला ना कमाईचा स्पर्श, ना फेडीचा. त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा सगळे करतात, पण जबाबदारी पेलण्यासाठी लागणारी एकही गोष्ट त्याच्या हवाली करत नाहीत.

इथे मला सूरह निसाची सहावी आयत आठवते. यतीम मुले निकाहाच्या वयाला पोहोचेपर्यंत त्यांना पारखत राहा आणि त्यांच्यात समज दिसली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा, असा तिचा आशय आहे. म्हणजे दोन टप्पे आहेत. एक बुलूग, जो शरीराला आपोआप येतो. दुसरा रुश्द, म्हणजे समज, जी पारखावी लागते. अनेक मुफस्सिरांनी पारखण्याचा अर्थ असा सांगितला आहे की थोडा पैसा, थोडा व्यवहार मुलाच्या हाती देऊन पाहावे. चुकला तर थोड्यात चुकेल.

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हामिद यतीमच आहे. वय चार-पाच वर्षांचे. मेळ्यात जाताना त्याच्याकडे तीन पैसे असतात, पण ते त्याच्या मुठीत असतात. खेळणी आणि मिठाई बाजूला ठेवून तो दादी अमीनासाठी चिमटा घेतो, कारण रोट्या भाजताना तिची बोटे पोळतात. १७ वर्षांच्या डेव्हमध्ये जी समज दिसत नाही ती या चिमुरड्यात दिसते, ती काही त्याच्या रक्तात जास्त नेकी होती म्हणून नव्हे. तीन पैशांचे काय करायचे हे त्याला कुणी बजावून सांगितले नव्हते. शिवाय त्याच्यासमोर मोठेपणाचा नमुना होती एक म्हातारी, जी स्वतः उपाशी राहून त्याला खाऊ घालत होती.

डेव्हसमोर कोणता नमुना होता? त्या काळी दक्षिणेत पन्नाशीच्या काळ्या माणसालाही गोरे लोक ‘बॉय’ म्हणून हाक मारत. म्हणजे डेव्हचे वडीलही घरात मर्द आणि हॉकिन्ससमोर पोरगाच. ज्याच्या शब्दाला सगळे दबतात असा त्या गावात एकच माणूस, तो हॉकिन्स. म्हणून इज्जत म्हणजे धाक, एवढाच धडा डेव्ह शिकला. त्याला आदर हवा होता आणि तो विकत घ्यायला गेला तेव्हा दुकानात फक्त दरारा मिळत होता. आपल्या मोहल्ल्यातली मुले रात्री सायलेन्सर काढून मोटरसायकल पळवतात, तेव्हा मोठी माणसे शिव्या देतात. मला त्या आवाजात डेव्हच्या रिकाम्या पिस्तुलाचा बार ऐकू येतो. (याचा अर्थ सायलेन्सर काढू द्यावा असा कुणी घेऊ नये.)

उर्दूतला ‘मुरव्वत’ हा शब्द पाहा. अरबीत त्याचे मूळ ‘मर्अ’ म्हणजे पुरुष, म्हणजे शब्दाचा अक्षरशः अर्थ मर्दपणा. पण उर्दूत येईपर्यंत तो झाला दुसऱ्याचा लिहाज ठेवणे. मराठीने तो ‘भीडमुर्वत’ म्हणून उचलला आणि आता आपण तो बहुधा ‘भीडमुर्वत न ठेवता’ असा नकारातच वापरतो. शब्दाच्या नशिबात एवढे यावे!

बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात उधळ्या माणसाच्या व्यवहारावर बंदी घालावी का, याची चर्चा आहे. इमाम अबू हनीफांचे मत बंदीच्या विरुद्ध होते. त्यांच्या बाजूने दलील अशी दिली आहे की शहाण्यासुरत्या बालिग माणसाचा अधिकार काढून घेणे म्हणजे त्याची आदमियत वाया घालवणे आणि त्याला जनावरांच्या रांगेत बसवणे. पैसा उधळला जाण्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे. त्यांच्या दोन्ही प्रमुख शागिर्दांना हे पटले नव्हते, आणि व्यवहारात त्यांचे म्हणणेही सोडून देण्यासारखे नाही. पण डेव्हच्या कथेत हीच गोष्ट शब्दशः घडते. आपल्याला खेचरासारखे राबवतात आणि वर मारतात, असे त्याला शेवटी वाटते.

म्हणून मी त्याच्या पळून जाण्याला माफ करत नाही, पण ज्या कर्जाला त्याने पाठ दाखवली ते एकट्या त्याचे होते, असेही मानत नाही. १९६८ मध्ये मेम्फिस शहरातले काळे सफाई कामगार संपावर गेले. दोन सहकारी कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते. त्यांच्या हातातल्या फलकांवर एकच वाक्य होते, मी ‘मॅन’ आहे. डेव्हचीच मागणी, त्याच शब्दात. पण आता तो शब्द एकटा कुणी रात्रीच्या अंधारात उच्चारत नव्हता आणि त्याच्या खिशात पिस्तूल नव्हते. त्यांना पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी त्याच शहरात हत्या झाली.

कथेत एक लहानसा क्षण आहे. हॉकिन्स म्हणतो की तू एक मेलेले खेचर विकत घेतलेस, आणि जमलेली गर्दी हसते. गोरेही हसतात आणि काळेही हसतात. ५० डॉलरचे ओझे कदाचित डेव्हने सोसले असते, वडिलांचा मारही त्याच्या सवयीचा होता. पण रात्री अंथरुणात त्याला झोपू देत नाही ते हे हसू. मोठ्यांपैकी एकालाही त्या वेळी असे वाटले नाही की याचे वय १७ आहे, याला जरा बाजूला घेऊन बोलावे. शेतात दोन माणसे जेनीसाठी खड्डा खणत होती.