हातातल्या चपला

आमच्या वरच्या मजल्यावरची सूनबाई रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जिना उतरते. उतरते ती अनवाणी. खांद्याला पर्स, एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात चपला. माझ्या दारापाशी आली, की चपला खाली ठेवते, त्यांत पाय सरकवते आणि माझ्याकडे पाहून ओशाळे हसते. त्याच वेळी वरून तिच्या सासूबाईंचा मोठा आवाज येत असतो, "तो बघ काऊ! कसा बसलाय बघ तारेवर!" दोन वर्षांचा नातू गॅलरीतून काऊ पाहत असतो आणि त्याची आई घरातून पसार होत असते. चपला वाजल्या, तर सगळेच मुसळ केरात!

पाच मिनिटांनी वरून रडण्याचा आवाज येतो. काऊ उडून गेलेला असतो, आईही.

परवा न राहवून मी तिला म्हटले, "अगं, त्याला सांगून का नाही निघत?"

"काकू, सांगून निघाले तर फार रडतो हो. मला बघवत नाही." एवढे बोलून ती गेलीसुद्धा, कारण सकाळची लोकल कोणाच्या तत्त्वचिंतनासाठी थांबत नाही. पण तिचे ते शेवटचे वाक्य माझ्या मनात दिवसभर घोळत राहिले. 'मला बघवत नाही.' मूल रडते हे दुःख, की ते आपल्याला पाहावे लागते हे? चपला हातात घेतल्याने मुलाचे रडणे काही टळत नाही. ते पाच मिनिटे पुढे जाते आणि आईच्या कानांआड होते, इतकेच. ही युक्ती आपण मुलासाठी करतो असे म्हणतो खरे, पण ती वाचवते आपल्याला.

हे मी फार मोठ्या अधिकाराने सांगते आहे, असे मात्र समजू नका. चपला मीही हातात घेतल्या आहेत. माझा मुलगा लहान होता तेव्हा आम्ही घाटकोपरला राहत होतो आणि माझी नोकरी फोर्टातल्या एका कचेरीत. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक मावशी पाळणाघर चालवीत. त्यांच्याकडे काचेच्या पेटीत लाल मासे होते. मुलगा माशांपुढे बसला, की मी मागच्या पावलांनी बाहेर. महिनाभर हे सुरळीत चालले. मग माझ्या ध्यानात आले, की रविवारीसुद्धा तो माझा पदर सोडीनासा झाला आहे. मी न्हाणीघरात गेले, तर हा बाहेर दाराला टेकून बसलेला. हट्टी झाला आहे, असे मी मावशींना सांगितले. त्या पोळ्या लाटीत होत्या. लाटणे न थांबवता म्हणाल्या, "हट्ट नाही हो तो. तुम्ही जाता याचं त्याला भय नाही. कधी जाल हे कळत नाही, याचं भय आहे. मासे बघायचं सोडलंय त्यानं. मासे दाखवले, की आई जाते, हे त्याला कळलंय."

त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली. मी केवळ एक खोटे बोलले नव्हते. मुलाच्या हातातले मासेही मी काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगू लागले, "मी कचेरीत जाते आहे. दिवे लागायच्या आत येते." आठदहा दिवस त्याने आकाशपाताळ एक केले. मग तो केवळ रिवाज म्हणून रडे. मग एके सकाळी नुसता हात हलवून तो माशांकडे वळला. खरे सांगायचे, तर त्या दिवशी गाडीत मीच डोळे पुसले.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीत नीतीचा प्रश्न कसला? पण मला एक सांगा, त्या घरातला बाप कसा निघतो? बाप पुढच्या दाराने, बूट वाजवीत निघतो. मुलाला कडेवर घेऊन खिडकीत नेतात आणि 'बाबांना टाटा कर' म्हणतात. बापाचे जाणे हा घरातला एक लहानसा सोहळा असतो आणि आईचे जाणे ही चोरी. चोरी तीच गोष्ट होते, जी करण्याचा आपल्याला हक्क नाही असे आपल्यालाच वाटत असते. आपले कामाला जाणे हा गुन्हा आहे हे आईने आधी मनात मान्य केलेले असते. चपला मग आपोआप हातात येतात. आणि मूल हे सारे वाचते. आई लपून जाते त्या अर्थी ती काही वाईट करते आहे, एवढा तर्क दोन वर्षांच्या मुलालाही येतो.

नोकरी करणाऱ्या आईची आपल्याकडची सर्वांत लाडकी गोष्ट हिरकणीची. आपण ती वात्सल्याची गोष्ट म्हणून सांगतो, पण हिरकणी रायगडावर गेली होती ती दूध विकायला, म्हणजे कामालाच. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा साडीचोळीने गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधवला, असे आख्यायिका सांगते. गडाच्या रक्षणासाठी ते योग्यच होते. पण मला नेहमी वाटते, की त्या बुरुजानंतर दुसऱ्या एखाद्या गवळणीला उशीर झाला असेल, तर तिने काय केले असेल? आपणही आईचे कौतुक बुरूज बांधूनच करतो. दरवाजाची वेळ मात्र क्वचितच हलवतो. हलत नाही असे नाही. 1961 च्या कायद्याने बाळंतपणाची रजा 12 आठवडे दिली होती, ती 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी, हेही त्याच दुरुस्तीने सांगितले. त्यासाठी कोणाला कडा उतरावा लागू नये, हाच या साऱ्याचा अर्थ.

पण खरे बोलण्यातही एक धोका असतो, तो मला 2005 साली कळला. 'दिवे लागायच्या आत येते' हे वचन झाले. आणि ते पाळणे एकट्या माझ्या हाती कुठे होते? 26 जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. म्हणून फोर्टात बसलेल्या आम्हांला संध्याकाळपर्यंत काही उमगलेच नाही. स्टेशनावर गेले, तर गाड्या बंद. दूरध्वनी मुके. गडाचे दरवाजे मिटले होते आणि मी हिरकणी नव्हते. रात्र कचेरीतल्या बाकावर काढली. पती त्यांच्या कारखान्यात अडकलेले. दिवे लागायची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पाळणाघराचे दार होते. वाटले, न सांगता आले असते, तर निदान शब्द तरी मोडला नसता!

दुसऱ्या दिवशी पहाटे चालू लागले. पाण्यातून, चिखलातून, शेकडो माणसांबरोबर. घाटकोपरला पोहोचले, तेव्हा दुपार झाली होती. वस्तीत वीज नव्हती. मावशींनी रात्रभर चार मुले मेणबत्तीवर सांभाळली होती. स्वतःच्या घरात पाणी शिरू पाहत होते, तरी त्यांनी एकालाही खाटेवरून खाली उतरू दिले नव्हते. त्यांचे ते ऋण कोणत्या महिन्याच्या पैशांत फिटणार?

मी दारात उभी राहिले. मुलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. मी क्षमा मागण्यासाठी तोंड उघडणार, तोच तो मावशींकडे वळून विजयाने म्हणाला, "बघ! दिवे लागलेच नाहीत अजून. आई आधीच आली."

रात्रभर तो आपल्या बल्बकडे पाहत राहिला होता, असे मावशींनी मागून सांगितले. बल्ब लागला नाही, म्हणजे आईचा शब्द मोडला नाही. तीन वर्षांच्या त्या वकिलाने माझा मोडलेला शब्द असा जोडून ठेवला होता. तेव्हापासून मला वाटते, की आपण मुलाला खरे सांगतो ते आपण मोठे सत्यवादी म्हणून नव्हे. शब्द दिला, तर मुलाला धरायला काहीतरी राहते. तो आपल्याकडून तुटला, तरी दुसरे टोक त्याच्या मुठीत असते. न सांगता गेलेल्या आईचे मूल काय धरून बसणार? उडून गेलेला काऊ?

हे सगळे मी वरच्या सूनबाईला एका संध्याकाळी सांगितले. ती काही बोलली नाही. काल सकाळी जिन्यावर चपला वाजल्या. पाठोपाठ वरून असा टाहो आला, की समोरच्या बिऱ्हाडाचे दार उघडले. ती माझ्या दारापाशी थांबली. तिचे डोळे भरलेले होते.

"काय सांगितलंस त्याला?" मी विचारले.

"आजीबरोबर पणत्या धुवून ठेव म्हटलं. आल्यावर दोघं मिळून लावू." आणि घड्याळ पाहून ती धावत सुटली.

वरचे रडणे बराच वेळ चालले होते. मी दार लावून घेतले नाही. संध्याकाळी सहाला गाड्या उशिराने धावत आहेत असे कळले, तेव्हा मात्र माझा जीव थाऱ्यावर राहिना. सातला जिन्यावर चपला वाजल्या, त्या दोन दोन पायऱ्या एकदम चढत होत्या. वर गॅलरीत अजून अंधार होता. मुलाने आजीला एकही पणती लावू दिली नव्हती.