ओबडधोबड कोणास म्हणावे?

विशेषणे दिसावयास निरुपद्रवी असतात. नामाने वस्तूकडे बोट दाखवावे, क्रियापदाने तिचा व्यापार सांगावा आणि विशेषणाने तिचा गुण वर्णावा, एवढेच व्याकरण आपणांस शिकविते. परंतु विशेषण हा पुष्कळदा वर्णनाचा वेष घेऊन आलेला निकाल असतो. ही गोष्ट मला व्याकरणाने नव्हे, तर माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीने शिकविली.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात मुरूडकडील एका कोळीवाड्यातला विद्यार्थी होता. 'माझे गाव' या विषयावर त्याने निबंध लिहिला. दोरीस बांधलेले वजन पाण्यात सोडून खाली गाळ आहे की खडप, हे आपले वडील हातास लागणाऱ्या धक्क्यावरून कसे ओळखतात, असे त्यात त्याने सांगितले होते. वाक्ये लांबलचक होती, विभक्तीचे प्रत्यय घरच्या बोलीतले होते. मी तांबड्या शाईने समासात लिहिले, "भाषा ओबडधोबड." त्या वर्षी त्याने पुन्हा निबंध दिला नाही. तेव्हा मला त्याचे फारसे काही वाटले नाही. पुढे मात्र त्या शब्दाने माझा पिच्छा पुरविला. आपण ओबडधोबड म्हणतो ते नेमके कशास, आणि तसे म्हणण्याचा अधिकार कोणास, असा प्रश्न मी स्वतःस विचारू लागलो.

उत्तर शोधावयास फार दूर जावे लागले नाही. ते स्वयंपाकघरातच होते. पितळेचे तपेले हातून पडले म्हणजे त्यास पोचा पडतो. पोचा हा अपघात आहे. भांडे त्यामुळे कमी होते आणि गृहिणी हळहळते. आता पुण्याच्या तांबट आळीत घडविलेला तांब्याचा हंडा घ्या. त्याच्या अंगावर हातोडीच्या ठोक्यांच्या शेकडो खुणा ओळीने उमटलेल्या असतात. या कामास मठारकाम म्हणतात. केवळ आकार पाहिला तर प्रत्येक ठोका हा लहानसा पोचाच होय! परंतु तसे कोणी म्हणत नाही. कारण त्या ठोक्यांनी नरम तांबे कठीण होते, भांडे आपला आकार धरून राहते आणि वर शोभाही येते. तिसरे उदाहरण जात्याचे. जाते वापरून वापरून गुळगुळीत झाले की दाणा त्यावरून निसटतो, पीठ जाडेभरडे पडते. मग पाथरवटास बोलावून जात्यास टाकी लावून घ्यावयाची. पाट्याचेही तसेच. येथे गुळगुळीतपणा हा दोष, आणि दगडास पाडलेली खाच ही दुरुस्ती.

तीन पृष्ठभाग, तिन्हींवर खळगे. तरी शब्द मात्र तीन. हे शब्द खळग्याची लांबीरुंदी मोजीत नाहीत. खळगा कसा झाला आणि कशासाठी आहे, हे ते सांगतात. अपघाताचा तो पोचा, घडविण्याचा तो मठार, उपयोगासाठी मुद्दाम केलेली ती टाकी. एकाच गालावर आजाराने पडला तर खळगा आणि हसण्याने पडली तर खळी, असे म्हणणारी आपली भाषा या बाबतीत आपल्याहून अधिक न्यायी आहे. इतकेच नव्हे, तर सूक्ष्म ज्ञानासही ती खाचांचीच उपमा देते. कायद्याच्या खाचाखोचा ज्यास ठाऊक, तो जाणता वकील. उलट 'गुळगुळीत बोलणे' ही काही स्तुती नव्हे.

आमच्या किनाऱ्यावर या विचारास दगडी साक्षी आहेत. 1981 साली कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. पण ज्या दुर्गावरून पहिले नाव आले, तो अलिबागेसमोर समुद्रात उभाच आहे. 1680 साली शिवाजी महाराजांनी त्याचे काम सुरू करविले. त्याच्या तटात मोठमोठे दगड चुन्यावाचून एकावर एक रचले आहेत. गुळगुळीत भिंतीची सवय असलेल्या डोळ्यास ही रचना कच्ची भासते. परंतु लाटेचे पाणी त्या फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच विभागून जातो. ज्या फटी पाहुण्यास उणीव वाटतात, त्याच तटाचे संरक्षण करतात. मुरूडसमोरील पद्मदुर्गावर याहून विलक्षण देखावा आहे. तेथे खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी तटाचे दगड आत झिजून गेले आहेत. दगडांमधला चुना मात्र तसाच राहून कडांसारखा पुढे आला आहे. हात फिरविला तर मधाच्या पोळ्यावरून फिरविल्यासारखा वाटतो. त्यास खडबडीत म्हणून पुढे जाणे सोपे आहे. थांबून पाहिले तर कोणता पदार्थ किती टिकला, याचा तीन शतकांहून अधिक काळाचा हिशेब तेथे मांडलेला दिसतो.

ओहोटी लागली म्हणजे त्याच किनाऱ्यावरचे कातळ उघडे पडतात. त्यांस कालवे चिकटलेली असतात. मुंबईहून आलेला पाहुणा अनवाणी पायाने त्यावर चढतो, पाय कापून घेतो आणि त्या खडकास नावे ठेवतो. तोच खडक कालवे काढणाऱ्या बाईस दोन घास मिळवून देतो. खडक एकच, एकास तो खरखरीत, दुसरीस भरलेला. म्हणजे खडबडीतपणा हा केवळ वस्तूत नसतो. वस्तू आणि तिला स्पर्श करणारा, या दोहोंमधला तो संबंध आहे.

यावर कोणी म्हणेल, "मग दोष म्हणून काही उरतच नाही! प्रत्येक खड्ड्यास गुण म्हणावे काय?" आक्षेप खरा आहे. 2011 साली रुंदीकरणास आरंभ झालेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून पेण ते माणगाव हा प्रवास ज्यांनी पावसाळ्यात केला आहे, त्यांस खड्ड्यांचे काव्य ऐकविणे क्रूरपणाचे होईल. अशा रस्त्यास 'असमतल' असे सौम्य विशेषण लावणे हीदेखील असत्य भाषाच होय. तेथे 'खड्डा' हाच प्रामाणिक शब्द आहे. गरिबाच्या आयुष्यातील खाचखळग्यांस 'अनुभवाची शाळा' म्हणून गौरविणारे लोकही याच जातीचे. ते खळगे बहुधा दुसऱ्याच्या हयगयीने पडलेले असतात, आणि ते बुजविण्याचे सोडून त्यांची स्तुती करणे सोयीचे असते. तेव्हा खडबडीतपणाची सरसकट निंदा जितकी अन्यायाची, तितकीच त्याची सरसकट पूजाही.

म्हणून मला वाटते, शब्द उच्चारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे. हा खळगा पडला कसा? आणि तो कोणाच्या पायास बोचतो, कोणाच्या हातास आधार देतो? या प्रश्नांची उत्तरे घेऊन मग जो शब्द योग्य ठरेल तो बेधडक वापरावा, मग तो कठोर असला तरी चालेल. कठोर शब्दाने अन्याय होतोच असे नाही. न विचारता वापरलेल्या शब्दाने मात्र बहुधा होतो.

मी त्या मुलास हे प्रश्न विचारले नाहीत. त्याच्या वाक्यांतील काही खाचा खरोखर चुकांच्या होत्या, आणि त्या दाखविणे माझे कामच होते. परंतु काही खाचा टाकीच्या होत्या. त्याच्या वडिलांच्या हातास दोरीतून जे कळत होते, ते सांगावयास माझ्या पाठ्यपुस्तकी मराठीत शब्द नव्हते. त्याच्या बोलीत होते. बोचले ते माझ्या सवयीस, आणि दोष मी त्याच्या भाषेवर नोंदविला. वर्षानुवर्षे तीच पुस्तके शिकवून माझी भाषा जात्यासारखी गुळगुळीत झाली होती. आलेला दाणा तिच्यावरून निसटून गेला.

तो निबंध आज मजजवळ नाही. 'खडप' हा शब्द मी त्यातच प्रथम वाचला, आणि त्याचा अर्थ त्यास न विचारता पुढे कोशात पाहिला. समासात 'ओबडधोबड' लिहिणे मी सोडून दिले आहे. वाक्य अडले तर मी विद्यार्थ्यास बोलावून घेतो आणि विचारतो, "येथे तुला काय म्हणावयाचे होते?"