विसावा म्हणजे व्रतभंग नव्हे

आमच्या आंबागडचे एक माळकरी गृहस्थ वजन उतरावे म्हणून सहा महिने अर्धपोटी राहिले. पुढे थकले, चिडचिडे झाले. मग पंधरा दिवस पोटभर जेवले आणि मला विचारू लागले, "महाराज, माझं व्रत मोडलं का जी?"

सज्जनहो, ज्ञानोबारायांची पालखी पुण्यास दोन रात्री थांबते, सासवडास पुन्हा दोन रात्री. म्हणून वारी मोडली काय? ती थांबते, पण आळंदीकडे वळत नाही. एकादशीही द्वादशीच्या पारण्यावाचून पुरी होत नाही. पारण्याची वेळ टळू नये म्हणून अंबरीष राजाने नुसते पाणी घेतले, ही कथा भागवताच्या नवव्या स्कंधात आहे.

फार दिवस अन्न कमी पडले की देह आपला खर्च आवरतो आणि भूक वाढते, हे आजचे वैद्यकही सांगते. तेव्हा विसावा अवश्य घ्यावा. मात्र पारणे म्हणजे मेजवानी नव्हे. वजन वाढू नये, घटू नये, एवढेच जेवावे. आणि पुन्हा निघण्याचा दिवस आधीच ठरवावा. तो ठरला नाही, तर विसाव्याचे घर होते.

मी थांबलो की वळलो, हे ज्याचे त्याने विचारावे. तेथे लबाडी केली तर विठोबा फसत नाही, आपणच फसतो.