गोळीचे पहिले पंधरा दिवस

नैराश्यावरची गोळी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात काहींना उलटंच होतं: जीव घाबरा होतो, झोप उडते, पाय एका जागी ठरत नाहीत. घरचे लगेच म्हणतात, लागू पडत नाही, बंद कर. पण एसएसआरआय या नैराश्यावरच्या गोळ्यांच्या गटातली औषधं मेंदूतल्या सेरोटोनिनवर काही तासांतच काम सुरू करतात. मन सावरायला मात्र काही आठवडे जातात. त्रास आधी, गुण मागाहून. म्हणून तर डॉक्टर अनेकदा कमी मात्रेने सुरुवात करतात. (हे चिठ्ठीवरच लिहून दिलं तर किती बरं!)

मग धोका नाहीच का? आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये मुलं-किशोरांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशारा छापायला लावला. पण हा इशारा लक्ष ठेवायला सांगतो, औषध टाळायला नव्हे. उपचाराविना राहिलेलं नैराश्यही जीवघेणं ठरतंच. गोळीचा आणखी एक त्रास म्हणजे काहींना पुढे धड रडूही येत नाही आणि हसूही. तिथे मात्रा किंवा गोळी बदलता येते, मात्र ती डॉक्टरांनीच बदलायची. टोकाचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करावा.