मनूचा मासा आणि आमचा सकर

टिटवाळ्याच्या गणपतीच्या तळ्यात मासा सोडला तर पुण्य लागतं का? शेजारच्या वहिनींनी मला हे विचारलं. मी शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यामुळे पाप-पुण्याचा हिशोबही माझ्याकडे असणार, अशी त्यांची समजूत. त्यांच्या मुलाने कल्याणच्या एका दुकानातून ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून करंगळीएवढा काळपट मासा आणला होता. आता दोन फुटी टाकीत वळताना त्याची शेपटी काचेवर आपटू लागली होती. अंगारकी जवळ आली होती. “बाई, देवाच्या पाण्यात सोडू या. मोकळा होईल बिचारा,” वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी हा कोण ते तरी पाहू. दुकानदार अशा सगळ्यांना ‘सकर’ म्हणतो, पण सकरांत फरक आहे. एक जात वीतभरही होत नाही. मोठ्या नराच्या तोंडावर झुडपासारखे फाटे फुटतात. दुसरीचा पाठीवरचा पर शिडासारखा उभा राहतो आणि त्यात नऊ किंवा अधिक किरण असतात. मुलाने फोटो काढला, मोठा केला, आम्ही दोघांनी चष्मे सावरून मोजलं. बारा निघाले. म्हणजे हा शिडाच्या पराचा सकर, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, आणि वाढ सहज दीड फूट. दोन फुटी टाकीत दीड फुटाचा मासा म्हणजे जन्मठेप, हे वहिनींचं म्हणणं खरंच होतं. प्रश्न सुटकेच्या जागेचा होता.

या माशाच्या अंगावर हाडांचं चिलखत असतं. पाण्यातला प्राणवायू संपला तर तो वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ती शोषतो. म्हणून गढूळ, घाण पाण्यातही तगतो. नर काठाच्या मातीत बीळ खणून अंडी राखतो. ज्या तळ्याचा गाळ उपसताना माधवराव पेशव्यांच्या काळात गणपतीची मूर्ती सापडली असं सांगतात, त्याच तळ्याचे काठ तो पोखरू लागेल. शिवाय तळं तळ्यापुरतं राहत नाही. 2005 आणि 2019 च्या जुलैत आपल्याकडे पाणी कुठे कुठे शिरलं होतं ते वहिनींनीही पाहिलंय. तळं भरून वाहिलं की पाणी उताराने काळू नदीकडे, काळूचं उल्हास नदीत. त्या वाटेवर मरळ, शिंगाळी, मुऱ्या राहतात. पहिल्या पावसात वलगणीला लोक ज्यांची वाट बघतात ते मासे. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात हा सकर येतो तेव्हा त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं आणि विकायला हाती काही लागत नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीतही तो पसरला आहे.

“पण बाई, जीव वाचवणं हा धर्मच ना?” वहिनींचा हा मुद्दा मला टाळता येईना. धर्माची गोष्ट काढली म्हणून मी त्यांना भागवताच्या आठव्या स्कंधातला सत्यव्रत राजा सांगितला. कृतमाला नदीवर तर्पण करताना त्याच्या ओंजळीत एक लहान मासा आला. राजाने काय केलं? वहिनी करणार होत्या तेच. पाण्यासकट परत नदीत सोडला. आणि मासा त्याला बोल लावतो: मी दुबळा, इथे माझेच जातभाई मला खातील, तू दयाळू म्हणवतोस आणि मला टाकून कसा देतोस? मग राजा त्याला कमंडलूत घेतो, तो वाढतो तसा रांजणात, तळ्यात, एकाहून एक मोठ्या जलाशयांत हलवतो, आणि शेवटी समुद्राशी नेतो, तेव्हाही मासा म्हणतो, इथे मगरी आहेत, इथे टाकू नकोस. भागवतात तो मासा भगवंत आहे, मान्य. पण गोष्टीची बांधणी पाहा. सोडून देण्याला तिथे एकदाही दया म्हटलेलं नाही. प्रत्येक वेळी पुढची जागा शोधायचं काम राजाच्याच अंगावर येतं.

दुसरी गोष्ट तर आमच्या गावाचीच म्हणायची. टिटवाळ्यात कण्वांचा आश्रम होता आणि इथला गणपती शकुंतलेने स्थापला, ही आमची दंतकथा. कालिदासाच्या नाटकात आश्रम सोडताना तिने सांभाळलेलं हरणाचं पोर तिचा पदर ओढतं. समोर सगळं अरण्य आहे; हरणाचं तर ते घरच. तरी ती त्याला ‘जा, आता मोकळा’ म्हणत नाही. बाबा तुझी काळजी घेतील, असं सांगते. आवडती वेलही मैत्रिणींच्या स्वाधीन करते. ज्याला आपण हाताने वाढवलं त्याचा निरोप घेताना पुढचा सांभाळणारा नावानिशी ठरवायचा, ही तिची रीत.

त्यात एक अवघड वळण आहे, ते लपवत नाही. सांभाळणारा मिळालाच नाही तर? मग मत्स्यपालनाची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून त्याला भूल देऊन शांत मरण देणं हे नदीत सोडण्यापेक्षा कमी हिंसक आहे, असं माझं मत. वहिनींना ते ऐकवलं नाही. माळ घातलेल्या घरात ते वाक्य जड जातं. पण अहिंसा म्हणजे आपले हात स्वच्छ राखणं एवढंच असेल, तर काळूतल्या मुऱ्यांचा जीव कोणाच्या खात्यावर लिहायचा? डोळ्यांसमोरचा मासा दिसतो, पाण्याखालचे दिसत नाहीत. दया दिसण्यावर अवलंबून राहिली की ती मायेचंच रूप होते.

सुदैवाने तशी वेळ आली नाही. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला; तेव्हा मुलानेच ओळखीतून खडवलीच्या एका बागायतदाराची सिमेंटची टाकी शोधली. आम्ही विचारलं: पावसात टाकी भरून वाहते का, सांडव्याला जाळी आहे का, आत दुसरा सकर आहे का? दुसरा नव्हता, म्हणजे पिलावळीची भीती नाही. बादलीला झाकण लावून, सकाळच्या कसारा लोकलने मासा पुढच्या स्टेशनला गेला. अंगारकीला वहिनी देवळात नारळ घेऊन गेल्या.

भागवतातला सत्यव्रत म्हणजेच पुढचा मनू; त्याची मूळ गोष्ट भागवताहून जुनी, शतपथ ब्राह्मणातली. तिच्यात एक बारकावा आहे. मासा मनूच्या हाती येतो तेव्हाच सगळं सांगून टाकतो: आधी मला भांड्यात ठेव, मी मावेनासा झालो की खड्डा खण, त्यातही मावेनासा झालो की समुद्रात ने. मनूने घेतला तो माशाचा पुढचा सगळा आकार ऐकून. आपल्या दुकानातला मासा बोलत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. तेव्हा विचारायचं काम आपलं. ‘हा केवढा होतो?’ हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारला, तर पुण्याचा प्रश्न नंतर विचारावा लागणार नाही.