उंदीर, झुरळं आणि गृहस्थाचा धर्म

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, अवधूतांच्या चोवीस गुरूंची कथा आपण सारे ऐकत आलो. त्यात कोळी आहे, पतंग आहे, मधमाशी आहे. मग वडीलधारी मंडळी विचारतात, ‘अहो, ज्यांना दत्तप्रभूंनी गुरू केलं त्या जीवांना आपण औषध मारतो, उंदराला पिंजरा लावतो, हे पाप नव्हे का?’

शास्त्रानं हा प्रश्न झाकून ठेवलेला नाही. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून रोज जीव मरतात, असं मनुस्मृती सांगते. त्याला ‘पंचसूना’ म्हणतात. त्याचं प्रायश्चित्त म्हणून रोजचे पाच यज्ञ सांगितले. संसारात हिंसा पूर्ण टळत नाही; पण तिचा हिशेब आपल्याच नावावर राहतो.

मला तर वाटतं, मारण्याआधी एक विचारावं : हे जीव घरात आले कशाला?

आपल्या मराठवाड्यानं हे भोगलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवची गावं जमीनदोस्त झाली. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. आधी पिसवांनी लोक हैराण झाले, उंदीर मरून पडू लागले, मग माणसं तापानं फणफणली. भूकंपाच्या भीतीनं लोकांनी जुनी घरं सोडली, धान्य मात्र आतच राहिलं आणि त्यावर उंदीर माजले, असं कारण तेव्हा जाणकारांनी मांडलं.

यात उंदराचा दोष किती? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात. कुरतडलं नाही तर त्याला खाताच येणार नाही. उंदरीण तीन आठवड्यांत विते. दाणा दिसला की वंश वाढणारच.

आणखी एक नवल ऐका. प्लेगचा जंतू पिसू वाहून नेते. उंदीर मेला, अंग थंड पडलं, की पिसू त्याला सोडून माणसाला गाठते. म्हणून साथीत आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा, असा क्रम असतो. रागाच्या भरात नुसते उंदीर मारत सुटलं, तर संकट आपल्याच अंथरुणात येतं.

मधमाशी साठवते आणि दुसराच घेऊन जातो, हे अवधूत तिच्याकडून शिकले. ते संन्यासी, त्यांना उद्याची भाकरी ठेवायची नव्हती. आपल्याला वर्षाची ज्वारी भरावीच लागते. पण ती कडक उन्हात वाळवावी, लिंबाचा पाला घालून झाकण घट्ट लावावं, खरकटं रात्रभर ठेवू नये. गरजेपेक्षा जास्त असेल ते किडण्याआधी भंडाऱ्याला द्यावं. हीच पहिली अहिंसा.

एवढं करूनही मारायची वेळ आली, तर लेकराबाळांच्या जिवासाठी मारावं, पण हाल करू नयेत. चिकट पुठ्ठ्यावर दोन-दोन दिवस तडफडणारा उंदीर दत्ताच्या घरात शोभत नाही. विषही जपून वापरावं. विषारी उंदीर खाऊन घुबड आणि मांजर मरतं, म्हणजे आपलेच राखणदार जातात.

मार्गशीर्ष पौर्णिमेला माहूरच्या शिखरावर जाण्याआधी एकदा आपली कोठी उघडून पाहावी. केरसुणीही पूजेचंच साधन आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥